स्पार्टाकस आणि मलिक अंबर : दख्खनमधील गुलामगिरीचे स्वरूप

बीड जिल्ह्यातील तेलगाव ज्या धारूरच्या परिसरात मोडते, तो प्रदेश सोळाव्या शतकात निजामशाही व आदिलशाही यांच्या सीमेवरचा, आणि म्हणूनच नित्य लढाईचा होता. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास बांधला. अल्पावधीतच निजामशाही फौजेने तो जिंकून घेतला व किश्वरखान मारला गेला. पुढे १६३१ मध्ये मोगल सेनापती आझमखान याने तो हस्तगत केला. या दोन घटनांच्या दरम्यान निजामशाहीच्या या मुलखावर ज्या पुरुषाच्या कर्तृत्वाची सर्वांत खोल छाप पडली, तो मलिक अंबर जन्माने ना दख्खनी होता, ना कोणा सरदार घराण्यातील. तो बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम होता. गुलामाचे नाव इतिहासात उरते ते बंडामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अंबरचे चरित्र या समजुतीस अपवाद ठरते. तो अपवाद का ठरला, याचा विचार केल्यास दख्खनमधील गुलामगिरीच्या स्वरूपावर बराच प्रकाश पडतो.

सदर समजूत दृढ करण्यात १९६० च्या ‘स्पार्टाकस’ या भव्य चित्रपटाचा वाटा मोठा आहे. हॉवर्ड फास्ट यांच्या १९५१ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन स्टॅन्ली कुब्रिक यांनी केले व नायकाची भूमिका कर्क डग्लस यांनी वठविली. त्यात नायकाचा अंत क्रूसावर होतो, तसेच पराभूत गुलाम एकामागून एक उठून ‘स्पार्टाकस तो मीच’ असे सांगतात. हे दोन्ही प्रसंग कल्पित आहेत. प्राचीन लेखकांच्या वृत्तान्तानुसार स्पार्टाकस रणांगणावरच पडला, आणि ॲपियन म्हणतो त्याप्रमाणे त्याचे प्रेतही सापडले नाही. त्याने गुलामगिरीची संस्थाच नष्ट करण्याचा संकल्प केला होता, असेही मूळ साधनांतून सिद्ध होत नाही. तथापि बंडाची व्याप्ती मात्र खरी होती. इ. स. पूर्व ७३ मध्ये कापुआ येथील मल्लशाळेतून सुमारे सत्तर योद्धे निसटले. व्हेसूव्हियस पर्वताच्या आश्रयाने त्यांच्याभोवती सहस्रावधी गुलाम जमा झाले आणि दोन वर्षे त्यांनी रोमच्या फौजांना दाद दिली नाही. इ. स. पूर्व ७१ मध्ये क्रॅसस याने हे बंड मोडले व सहा हजार बंदिवानांना कापुआ ते रोम या हमरस्त्यावर क्रूसावर चढविले.

असे बंड इटलीत का होऊ शकले, याचे उत्तर तेथील उत्पादनव्यवस्थेत आहे. युद्धांत पकडलेले असंख्य लोक इटलीतील व सिसिलीतील विस्तीर्ण शेतमळ्यांवर एकत्र राबविले जात. त्यांचे काम एक, मालक एक आणि यातनाही एकच होत्या. मळ्यावरील गुलामास वर चढण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. स्पार्टाकसच्या पूर्वी सिसिलीत अशी दोन मोठी बंडे होऊन गेली होती, हा काही योगायोग नव्हे.

दख्खनमध्ये आफ्रिकेतून आणलेल्या हबशी गुलामांची स्थिती निराळी होती. अंबरचा जन्म इथिओपियात १५४८ च्या सुमारास झाला. त्याचे मूळ नाव चापू असे होते. तो प्रथम मोखा व नंतर बगदाद येथे विकला गेला. अंबर हे नाव त्यास तेथील धन्याने दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. हा चंगीझखानही एके काळचा हबशी गुलामच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. काही काळ त्याने विजापुरात चाकरी केली, स्वतःचे पथक उभारले आणि अखेरीस तो निजामशाहीत परतला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतल्यावर अंबरने परांडे येथे दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसविले व राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद व आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. जमिनीच्या मगदुराप्रमाणे सारा ठरविण्याची त्याची पद्धत प्रसिद्धच आहे. मराठा पथकांच्या साहाय्याने गनिमी काव्याचा अवलंब करून त्याने मोगलांना पाव शतक झुंजविले. १६२४ मध्ये भातवडी येथे मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा त्याने पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलताबाद येथे आहे.

या चरित्रात बंड कोठेच नाही, आणि ते नसण्याचे कारण अंबरच्या स्वभावात शोधणे व्यर्थ होय. दख्खनच्या सुलतानांना व सरदारांना हबशी गुलाम हवे होते ते नांगरासाठी नव्हे, तलवारीसाठी. आप्तस्वकीयांपासून तुटलेला हा योद्धा धन्याच्या घराण्याशीच एकनिष्ठ राहील, ही त्यांची अपेक्षा असे. म्हणून त्याच्या हाती शस्त्र, घोडा व कालांतराने मुलूखही दिला जाई. धनी वारला किंवा मुक्तता मिळाली, की तोच गुलाम स्वतः सरदार होऊ शके. स्पार्टाकसला शस्त्र मिळाले ते प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी. अंबरला मिळाले ते राज्यरक्षणासाठी. पहिल्याच्या पराक्रमाला राज्याविरुद्ध उठण्यावाचून मार्ग नव्हता, तर दुसऱ्याच्या पराक्रमाला राज्यातच मार्ग मोकळा होता.

परंतु या मोकळ्या मार्गाची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. वर चढलेला गुलाम ज्या शिडीने चढला, ती मोडत नसे. ज्याप्रमाणे चंगीझखानाने हबशी गुलाम विकत घेतले, त्याचप्रमाणे अंबरनेही घेतले. शिवाय ही शिडी लढवय्या पुरुषांपुरतीच होती. मराठी कागदपत्रांतून ज्या कुणबिणी व बटकी आढळतात, त्यांच्यासाठी ती कधीच नव्हती. पेशवेकाळात त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीस दिल्या जात, आणि पळून गेलेल्या कुणबिणीस धन्याच्या स्वाधीन करण्याचे हुकूमही सुटत. त्या घरोघरी विखुरलेल्या असल्यामुळे सिसिलीतील मळ्यांप्रमाणे त्यांचा समुदाय बनणे शक्य नव्हते. पळून जाणे हाच त्यांचा प्रतिकार होता. अशा पलायनाचे चरित्र कोणी लिहीत नाही. धन्याच्या तक्रारीपुरताच त्याचा उल्लेख उरतो.

तेव्हा ‘दख्खनचा स्पार्टाकस’ असे अंबरचे वर्णन करण्याचा मोह टाळणेच इष्ट होय. त्याचे मोठेपण राज्यकर्त्याचे व सेनानीचे आहे, बंडखोराचे नव्हे. गुलामगिरीस कायद्याचा आधार नाकारणारा अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ मध्ये झाला. पुढे १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, तेव्हा एका गुलामाच्या भाग्योदयाऐवजी दास्य हेच मराठीत विचाराचा विषय बनले. अंबर गुलामगिरीतून बाहेर पडला; गुलामगिरी मात्र त्याच्यामागे तशीच उभी राहिली. दख्खनमधील दास्याचा इतिहास लिहावयाचा तर खडकीच्या वेशींइतकेच लक्ष त्या पळालेल्या कुणबिणींविषयीच्या हुकुमांकडे देणे आवश्यक आहे.