अमेरिकेत केस पुन्हा उघडायला नकार मिळाला, तर कोर्टात जाता येतं का?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. त्यात महाराष्ट्रातलेही होते. मग हद्दपारीचा आदेश निघाला की सगळं संपलं का?

लगेच नाही. नवा पुरावा असेल तर केस पुन्हा उघडण्यासाठी अर्ज करता येतो. साधारणपणे एकदाच, अंतिम आदेशापासून ९० दिवसांत. खारदांड्यातल्या घरच्यांनी कागद जमवून पाठवायचे म्हटलं, तर एवढे दिवस सहज उडतात. सुनावणीची नोटीस मिळालीच नसेल, तर मात्र ही मुदत आड येत नाही.

इमिग्रेशन अपील बोर्डाने अर्ज फेटाळला तर? अल्बेनियाच्या अॅग्रोन कुचाना यांना १९९७ मध्ये सकाळी जागच आली नाही. सुनावणी हुकली, गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघाला. पुढे २००६ मध्ये केलेला अर्ज बोर्डाने फेटाळला आणि अपील कोर्ट म्हणालं, यात आम्हाला अधिकारच नाही. २० जानेवारी २०१० ला सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं. असा नकार कोर्ट तपासू शकतं.

पण कोर्ट केस नव्याने ऐकत नाही. बोर्डाने मनमानी केली का, पुरावा डावलला का, एवढंच बघतं. त्यासाठी नकारापासून ३० दिवस मिळतात.

खरी गोम पुढे आहे. मूळ आदेशाला आव्हान देण्याची ३० दिवसांची मुदत वेगळी असते आणि अर्ज केला म्हणून ती थांबत नाही. ‘आधी अर्ज करू, मग कोर्टाचं बघू’ म्हणणारा वकील इथेच गोत्यात आणतो. कोर्टात गेल्यावरही हद्दपारी आपोआप टळत नाही; स्थगिती वेगळी मागावी लागते.