भूगोलाच्या दारातील स्त्री

भूगोल म्हटला की नद्या, डोंगर आणि पिकांच्या याद्या आठवतात. त्यात स्त्रियांचा काय संबंध, असे मंडळातील काही भगिनींना वाटेल. संबंध आहे, आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० साली निघाली. साठ वर्षांहून अधिक काळ तिच्या सभासदत्वाचे दार स्त्रियांना बंदच होते. १८९२ साली ते किलकिले झाले आणि इझाबेला बर्ड यांना सभासदत्व मिळाले. ही बाई घोड्यावरून रॉकी पर्वतात हिंडलेली, आपल्या लडाखपर्यंत जाऊन आलेली! एकूण बावीस स्त्रिया आत आल्या आणि सभासदांत वादळ उठले. विरोधकांत अग्रभागी होते जॉर्ज कर्झन. पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले तेच. १८९३ साली दार पुन्हा लागले. आलेल्या बावीसजणी तेवढ्या राहिल्या. १९१३ साली ते कायमचे उघडले तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष हेच कर्झनसाहेब होते, आणि आता त्यांचा पाठिंबा होता. मत पालटायला वीस वर्षे लागली. असो, काही घरांत याहून जास्त लागतात.

परंतु सभासद होणे निराळे आणि शास्त्राच्या हिशेबात येणे निराळे. मानवाचा भूगोल लिहिताना अर्धी माणसेच वगळली जातात, हे जॅनिस मंक आणि सुसान हॅन्सन या अमेरिकेतील विदुषींनी १९८२ साली एका लेखात दाखवून दिले. पुढे हॅन्सनबाईंनी जेराल्डिन प्रॅट यांच्यासह वुस्टर शहरातील कुटुंबांची पाहणी केली. घर आणि मुले सांभाळायची म्हणून पुष्कळ बायका जवळचीच नोकरी धरतात, मग पगार कमी का असेना, असे त्यांना आढळले. हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

मुंबईवर असेच पुस्तक शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली लिहिले. बाईला बाहेर पडायला काही तरी काम दाखवावे लागते. विनाकारण हिंडण्याचाही तिला हक्क हवा, असे त्या म्हणतात. मला हे फार पटले. हातात भाजीची पिशवी असली की कोणी काही विचारीत नाही. रिकाम्या हाताने कट्ट्यावर बसून पाहा.

२०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७, असे दिसले. वेळ मोजला गेला. वाटा मोजायच्या राहिल्या आहेत. दिवा कोठे नाही, स्वच्छतागृह कोठे नाही, रात्री नऊनंतर कोणता रस्ता आपण टाळतो, याचा वस्तीवार नकाशा मंडळाने या वर्षी काढावा, अशी माझी सूचना आहे. सुरुवात बसथांब्यामागच्या गल्लीपासून करू.