अंत्युखिया : मिश्र मंडळीचे शहर

इ.स.पू. ३०० मध्ये सेल्युकस निकेटरने सीरियातल्या ओरोंटिस नदीकाठी एक शहर वसवले आणि त्याला आपल्या वडिलांच्या नावावरून अँटिऑक हे नाव दिले. चंद्रगुप्त मौर्याशी तह करून ५०० हत्ती मिळवणारा सेल्युकस तो हाच. मराठी बायबलात हेच शहर अंत्युखिया म्हणून येते. इ.स.पू. ६४ मध्ये पॉम्पीने सीरिया रोमच्या अमलाखाली आणला. पुढच्या शतकात रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल साम्राज्यातले तिसरे शहर म्हणून अंत्युखियाची गणना होऊ लागली. संगमरवरी फरसबंदीच्या मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी खांबांच्या ओवऱ्या होत्या, त्यामुळे ऊन-पाऊस चुकवत लोक दूरवर चालत जात. यहुद्यांची वस्ती इथे जुनी होती, आणि त्यांच्या सभास्थानांत ग्रीक लोकही ओढीने येत. येरुशलेमच्या मंडळीने, म्हणजे येशूच्या अनुयायांच्या समूहाने, सेवेसाठी निवडलेल्या सात जणांपैकी निकलाव हा असाच यहुदी धर्म स्वीकारलेला अंत्युखियाकर होता.

त्याच सात जणांपैकी स्तेफन याला दगडमार करून ठार केल्यावर येरुशलेममधले अनुयायी पांगले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी येशूची सुवार्ता फक्त यहुद्यांना सांगितली. कुप्र बेट आणि आफ्रिकेतले कुरेने इथून आलेल्या काही जणांनी मात्र अंत्युखियात ती ग्रीकांनाही सांगायला सुरुवात केली. ख्रिस्ती इतिहासातले हे फार मोठे पाऊल. ते उचलणाऱ्यांची नावे मात्र ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नाहीत. बातमी कळताच येरुशलेमहून बर्णबा चौकशीसाठी आला. त्याने तिथले काम थांबवले नाही, उलट तार्सला जाऊन शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, शोधून आणले. दोघांनी वर्षभर तिथे शिकवले. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा पडले ते याच शहरात. ते बहुधा बाहेरच्यांनी दिले असावे, कारण आपसांत ते एकमेकांना बंधू, शिष्य किंवा पवित्र जन म्हणत.

ही मंडळी किती मिश्र होती, हे तिच्या पुढाऱ्यांकडे पाहिले की कळते. बर्णबा कुप्रचा लेवी, शिमोनाला ‘निग्र’ म्हणजे काळा असे टोपणनाव, लूक्य कुरेनेचा, मनाएन मांडलिक हेरोदाबरोबर लहानाचा मोठा झालेला, आणि शौल परूशी परंपरेत शिकलेला. त्यांनी उपास आणि प्रार्थना करून बर्णबा व शौल यांना सलुकीया बंदरातून कुप्रकडे रवाना केले. यहूदियात दुष्काळ पडणार असे कळल्यावर याच मंडळीने तिकडच्या बांधवांसाठी वर्गणी पाठवली होती.

खरा पेच जेवणाच्या पंगतीत पडला. यहुदी नियमशास्त्रात काय खावे आणि काय वर्ज्य, याचे कडक नियम होते. परकीयांच्या हातचे किंवा त्यांच्या शेजारी बसून जेवणे कर्मठांना चालत नसे. पंक्तिभेद जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला यातला ताण वेगळा समजावून सांगावा लागू नये. अंत्युखियात आलेला येशूचा शिष्य पेत्र आधी परकीयांबरोबर बसून जेवत होता. येरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली तेव्हा तो त्यांच्या धाकाने हळूहळू बाजूला झाला. त्याचे पाहून इतर यहुदी बांधवही उठले, बर्णबासुद्धा. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला दोष दिला. हे तो स्वतः गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो. परकीयांनी सुंता करून घ्यावी का, या वादावर इ.स. ४९ च्या सुमारास येरुशलेममध्ये सभा भरली आणि सुंतेची सक्ती नको असे ठरले. हा धर्म यहुद्यांमधला एक पंथ म्हणून न राहता सर्वांना खुला झाला, त्यामागे अंत्युखियाच्या पंगतीतला एकत्र जेवण्याचा आग्रह होता.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी इथला बिशप इग्नेशियस याला पकडून रोमला नेण्यात आले. वाटेत त्याने लिहिलेल्या सात पत्रांत ‘कॅथलिक’, म्हणजे सार्वत्रिक, मंडळी हा शब्दप्रयोग प्रथम आढळतो. चौथ्या शतकात शास्त्रवचनाचा शब्दशः आणि ऐतिहासिक अर्थ लावण्यावर भर देणारी विद्वानांची परंपरा इथे वाढली. अलेक्झांड्रियाचा ओढा रूपकार्थाकडे होता. जॉन क्रिसोस्टम अंत्युखियाच्या परंपरेतला. इ.स. ३८७ मध्ये करवाढीमुळे दंगल झाली आणि जमावाने सम्राटाचे पुतळे फोडले. शिक्षेच्या भीतीने शहर गारठले असताना क्रिसोस्टमने दिलेली प्रवचने आजही वाचली जातात.

त्यानंतर उतरण लागली. इ.स. ५२६ चा भूकंप, ५४० मध्ये इराणच्या खुसरोने केलेली लूट, सातव्या शतकात अरबांचा विजय, १०९८ मध्ये क्रुसेडरांचा ताबा आणि १२६८ मध्ये बैबर्सने केलेला विध्वंस. आजचे अंताक्या तुर्कस्तानात आहे, आणि ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्याची अपरिमित हानी झाली.

पाचव्या आणि सहाव्या शतकांतल्या वादांनी इथल्या चर्चमध्येही फूट पडली. आज अंत्युखियाचे पॅट्रिआर्क हे पद पाच वेगवेगळ्या चर्चचे प्रमुख धारण करतात आणि त्यांची पीठे सीरिया व लेबनॉनमध्ये आहेत. त्यांपैकी सिरियन ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्कला केरळमधले याकोबी ख्रिस्ती आपला सर्वोच्च धर्मगुरू मानतात. तिथल्या चर्चमधला वाद मिटवायला आलेले पॅट्रिआर्क इग्नेशियस एलियास तिसरे १९३२ मध्ये केरळमध्येच वारले. मंजनिक्करा इथल्या त्यांच्या कबरीच्या दर्शनाला दरवर्षी फेब्रुवारीत भाविक पायी जातात.