सार्वजनिक दिवाबत्ती आणि लोकवर्गणी : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

जुन्या वस्त्यांत ऐतिहासिक धाटणीचे पथदिवे उभारण्याच्या प्रयत्नांपैकी महाराष्ट्रात विशेष गाजलेला प्रयत्न मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गाचा होय. १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर वास्तुविशारद आभा नरेन लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास केला. तेथील दुकानदार व भोगवटादार ‘हेरिटेज माईल असोसिएशन’च्या रूपाने एकत्र आले आणि पाट्यांबरोबरच दिवे, बाके यांनाही इमारतींशी मेळ खाणारे रूप देण्याचा उपक्रम सुरू झाला. २००४ साली युनेस्कोने त्याची दखल घेतली. त्या रस्त्याला ते रूप शोभले, कारण मुंबईत १८६५ पासून वायूचे दिवे खरोखरच जळत होते. पहिल्या संध्याकाळी दिवे पेटविणाऱ्यांच्या मागोमाग बघ्यांची गर्दी चालत होती, अशी नोंद आहे.

हाच नमुना घाटाच्या पायथ्याशी आणावयाचा झाल्यास मात्र अडचण उभी राहते. कर्जत-खालापूरच्या गावांत कोळशाचा वायू नळांतून कधी आलाच नाही. ओतीव लोखंडाचा नक्षीदार खांब येथे उभा केला तर तो मुंबईचा इतिहास सांगेल, या गावांचा नव्हे.

येथील सार्वजनिक प्रकाशाची परंपरा देवळाच्या आवारात शोधावी लागते. दीपमाळ ही बहुधा नवस फेडण्यासाठी एखाद्या घराण्याने बांधून दिलेली वास्तू. दगडी हातांवर पणत्या ठेवण्याचे, तेल पुरविण्याचे काम मात्र अनेकांचे. बांधकाम एकाचे आणि देखभाल साऱ्यांची, ही व्यवस्था आजच्या वर्गणीच्या योजनांपेक्षा अधिक टिकाऊ ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. खालापूर तालुक्यातील महडचे वरदविनायक मंदिर सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ मध्ये बांधले. तेथील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगितले जाते. या दिव्याला घडण्यापुरती नव्हे, तर रोजच्या तेलाची वर्गणी लागते.

विजेच्या बाबतीत या परिसराचे स्थान विलक्षण आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली आणून टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत १९१५ साली सुरू झाले. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ चे. ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. तारा गावांच्या डोक्यावरून गेल्या आणि खाली कंदील व चिमण्या जळत राहिल्या. ज्या मातीत वीज निर्माण झाली तेथे ती सर्वांत आधी पोहोचावयास हवी होती, ही अपेक्षा भाबडी असेल. कंपनीचे ग्राहक कोण हे पाहिले की कारण उघड होते. ग्रामीण विद्युतीकरणाला वेग आला तो १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतरच.

त्यानंतर रस्त्यावरच्या दिव्याचा खर्च रहिवाशांकडेच आला, परंतु वर्गणी म्हणून नव्हे, कर म्हणून. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली आकारला जाणारा दिवाबत्ती कर घरपट्टीच्या पावतीवर आजही दिसतो. खांब कोठे उभा राहावा हा गावकीतील जुनाच वादाचा विषय. पाड्यापर्यंत तो पोहोचला की नाही यावरून कराच्या न्याय्यतेचीही परीक्षा होते.

वारसा धाटणीच्या दिव्यांचा विचार या तालुक्यांत करावयाचा तर माथेरान हे स्वाभाविक ठिकाण. तेथील नगरपालिका १९०५ ची. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणे हे नगरपालिकांचे कर्तव्य ठरविले होते. मोफसलमध्ये ते तेव्हा घासलेटच्या कंदिलांनी पार पाडले जाई. १९०७ ची नेरळ-माथेरान रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून झाली, म्हणजे खासगी पैशाने सार्वजनिक सोय करण्याची परंपरा येथे आहे. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी नेण्यास मनाई असल्याने रात्रीचा दिवा येथे पायी चालणाऱ्यासाठी आणि घोड्यासाठी असतो. २००३ मध्ये हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षेत्र घोषित झाला. तेव्हा नमुना निवडावयाचाच असेल तर तो मुंबईच्या वायूच्या दिव्याचा नव्हे, तर काचेच्या साध्या कंदिलाचा, बुटक्या खांबावरचा आणि झाडांत न पसरता पायवाटेवर पडणाऱ्या मंद प्रकाशाचा असावा. वर्गणीतून खांब एकदा विकत घेता येतो. पण माथेरानच्या पावसात लोखंड गंजते, आणि दर उन्हाळ्यात रंग कोणी द्यावयाचा व दरमहा वीजबिल कोणी भरावयाचे, हे पावतीपुस्तक छापण्यापूर्वीच ठरवावे लागेल.