चित्रफितींचे कपाट आणि अभिप्रायांची वही

आपले मंडळ १९७५ साली स्थापन झाले. त्याच वर्षी जपानमध्ये सोनी कंपनीने ‘बीटामॅक्स’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. घरच्या दूरदर्शन संचावरील कार्यक्रम फितीवर उतरवून घ्यावा आणि मनास येईल तेव्हा पुन्हा पाहावा, अशी सोय त्या यंत्राने करून दिली. छोटा नागपूरच्या पठारावरील या पोलादनगरीत, एका सदस्याच्या ओसरीवर सतरंजी अंथरून मंडळाची घटना लिहिणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना या जपानी यंत्राची वार्ताही नसावी. पुढे मात्र त्याच्या भावंडाने आमच्या मंडळात एक कपाट अडवले आणि एक जाडजूड वही भरविली.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत वास्तू, गणेशोत्सव आणि माजी अध्यक्ष यांचा इतिहास योग्य त्या लेखण्यांनी लिहिला जाईलच. आम्ही गतवर्षी मंडळाचे जुने दप्तर लावण्यास बसलो असता जी वही हाती आली, तिचा इतिहास येथे सांगावा असे योजिले आहे. तिच्या मुखपृष्ठावर शाईने ‘चित्रफीत : नोंद व अभिप्राय’ एवढेच लिहिलेले आहे.

या वहीचे महत्त्व समजण्यासाठी प्रथम थोडी मागची हकिकत सांगणे अवश्य आहे. बीटामॅक्सच्या पाठोपाठ १९७६ साली जे.व्ही.सी. या दुसऱ्या जपानी कंपनीने ‘व्ही.एच.एस.’ पद्धतीचे यंत्र काढले. आरंभीच्या बीटामॅक्स कॅसेटवर एकच तास मुद्रण होई, तर व्ही.एच.एस.वर दोन तास होत असे. चित्र कोणाचे अधिक रेखीव, हा वाद तज्ज्ञांचा. सामान्य प्रेक्षकाला सबंध चित्रपट एका कॅसेटवर मावतो की नाही, हाच प्रश्न महत्त्वाचा होता. पुढे व्ही.एच.एस. पद्धतीच जगभर रूढ झाली, तिच्या अनेक कारणांपैकी हे एक मोठे कारण होय. १९७७ साली अमेरिकेत मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेऊन ते कॅसेटवर विकावयास काढले, आणि चित्रपट ही घरी आणून फडताळात ठेवण्याची वस्तू झाली. निर्मात्यांना याचे भय वाटणे स्वाभाविक होते. त्यांचा सोनीविरुद्धचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १९८४ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, सवडीने पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण गैर नव्हे असा निर्णय झाला.

आपल्या देशात हे वारे १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास जोराने शिरले. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. आखातात नोकरीस गेलेले आप्त परतताना व्ही.सी.आर. आणू लागले. गल्लोगल्ली कॅसेटची दुकाने निघाली. यंत्र, रंगीत संच आणि तीन-चार चित्रपट एका रात्रीपुरते भाड्याने मिळू लागले. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका झाला की १९८४ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मचा त्यात स्पष्ट अंतर्भाव करावा लागला. निर्मात्याचे नाव व पत्ता आणि प्रमाणपत्राची प्रत कॅसेटवर देणे बंधनकारक ठरले.

मुंबई-पुण्याच्या रसिकाला कॅसेट ही चित्रगृहानंतरची दुसरी पंगत होती. आमच्यासाठी मात्र तीच पहिली पंगत होती. या नगरीतील चित्रगृहांना मराठी चित्रपट माहीत नव्हता. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवीत. त्यात मराठीची पाळी आली की त्या दिवशी वसाहतीतील मराठी घरांत जेवणे लवकर उरकत. तेवढ्यावर भूक कशी भागावी? म्हणून मंडळाने वर्गणी काढून एक यंत्र घेतले. सुटीला देशी गेलेल्या प्रत्येकाने परतताना निदान एक मराठी कॅसेट आणावी, असा ठराव झाला. लाडूंचे डबे, गोडा मसाला आणि दिवाळी अंक यांच्या जोडीने मुंबई-हावडा मार्गावरील गाड्यांतून कॅसेटही येऊ लागल्या. कॅसेट घरी नेणाऱ्याने ती परत करताना वहीत चार ओळींचा अभिप्राय लिहावा, असा दंडक तत्कालीन चिटणीसांनी घातला. वर्तमानपत्रातील परीक्षणे आमच्यापर्यंत शिळी होऊन येत. म्हणून आमचे समीक्षक आम्हीच झालो.

वही चाळताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की एकाच कपाटात किती भिन्न प्रकृतीची चित्रे नांदत होती. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ वृद्ध मंडळी पुनःपुन्हा नेत. प्रत इतकी झिजलेली होती की आवाज जणू विहिरीतून येई. पण तक्रार कोणाचीच नाही. एका आजोबांनी तर, डोळे मिटून ऐकले तरी चालते, असा अभिप्राय नोंदविला आहे. त्याच्या शेजारीच १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. त्याच्या नोंदी बहुधा मुलांच्या अक्षरात आहेत, आणि शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी त्या मराठीत आहेत. घरी हिंदीत उत्तरे देणाऱ्या आमच्या मुलांनी मराठीत विनोद करणे या एका कॅसेटमुळे आरंभिले, असे एका मातेने लिहिले आहे. अनेक शिकवणी-वर्गांनी जे साधले नाही ते अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साधले, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

सर्वांत जास्त वाद दोन चित्रपटांवर झाले. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. घर आणि मूल मागे ठेवून महिलाश्रमाच्या कामासाठी परगावी जाणारी सुलभा, तिला साकारणारी स्मिता पाटील. एका गृहस्थांनी ही बाई चुकली असे ठामपणे लिहिले आहे. त्याच्याखाली, बहुधा त्यांच्याच घरातील, नाजूक अक्षरांत प्रश्न आहे : नोकरीसाठी आईबापांना मागे ठेवून आपण हजारो मैल दूर आलो, ते चुकलो काय? त्यापुढे चार पाने हाच ऊहापोह चालला आहे. उलट १९९१ चा ‘माहेरची साडी’ नेणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी आपण रडलो एवढेच लिहिले. माहेर दोन रात्रींच्या प्रवासावर असणाऱ्यांच्या त्या रडण्याचे कारण केवळ पडद्यावर नव्हते. तथापि एका तरुण सुनेने, एवढे सोसणे हा गुण कसा, असे विचारले आहे. तिला उत्तर कोणी दिलेले नाही.

‘जैत रे जैत’ची नोंद वेगळीच आहे. १९७७ च्या या चित्रपटात ठाकर समाजातील नाग्या हा ढोलिया लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीशी वैर मांडतो. एका सदस्याने हा चित्रपट कारखान्यातील आपल्या संथाळ सहकाऱ्यासमवेत पाहिला. त्याला भाषा येत नव्हती. पण ढोल, डोंगर आणि मधाचे पोळे यांचा अर्थ त्याला आमच्याआधी कळला, असे त्या सदस्याने प्रांजळपणे लिहिले आहे. ज्या भूमीत आपण राहतो तिच्याशी आपली ओळख एका मराठी चित्रपटाने करून द्यावी, ही नवलाची गोष्ट नव्हे काय?

नाटकांच्या चित्रफितींविषयीचे मत मात्र प्रतिकूल होते. कॅमेरा एका जागी रोवलेला, नटांचे चेहरे बोटाएवढे, आणि हशा मात्र दूरच्या प्रेक्षकांचा. पंक्तीचा आवाज ऐकावा आणि ताट आपल्यापुढे नसावे, तसे होते, असे एकाने म्हटले. तरीही ‘वस्त्रहरण’ने कोकणातील घरांना हसविले, आणि नागपूर-अमरावतीकडील मंडळींना मालवणी बोली कळेना म्हणून कोकणवाल्यांनी शेजारी बसून ती समजावून दिली. महाराष्ट्रात राहून जे एकमेकांना क्वचितच भेटले असते, ते येथे एका संचापुढे भेटले.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या कपाटातील सर्वच कॅसेट रीतसर विकत घेतलेल्या नव्हत्या. कित्येक प्रतींच्या प्रती होत्या, आणि त्यांवर कायद्याने मागितलेली एकही नोंद नव्हती. मराठी चित्रपट जगावा अशी भाषणे आम्ही व्यासपीठावरून करीत होतो आणि त्याच्या निर्मात्याचा पैसा बुडवीत होतो. वहीतील शेकडो अभिप्रायांत चित्र अस्पष्ट असल्याची तक्रार जागोजागी आहे. ते अस्पष्ट का, हा प्रश्न एकदाही नाही.

पुढे काळ पालटला. कॅसेटची जागा तबकडीने घेतली. व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावत. त्यामुळे ऐन रंगात आलेला प्रसंग तुटे आणि तबकडी बदलावी लागे. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला, तेव्हा चोरट्या प्रतीचे आकर्षणच कमी झाले आणि आमच्या मनावरील ओझेही. डीव्हीडीने उपशीर्षके आणली. ‘श्यामची आई’ नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीस मिळवून देणारा ‘श्वास’ एका बंगाली सुनेने उपशीर्षकांच्या आधाराने पाहिला. दृष्टी जाण्यापूर्वी नातवाला जग दाखविणाऱ्या आजोबांविषयी तिने बंगालीत लिहिलेल्या चार ओळी या वहीतील अखेरच्या काही नोंदींपैकी आहेत. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या वाहिन्या घरोघर पोहोचल्या होत्या. मराठी आता नळासारखी वाहू लागली. विहिरीवर येण्याचे कारण उरले नाही. वहीची पुढील पाने कोरी आहेत.

आता या इतिहासाचा जो भाग सांगताना आमची लेखणी अडखळते, तो सांगतो. त्या कपाटात विकतच्या चित्रपटांखेरीज आणखी काही कॅसेट होत्या : आमच्या गणेशोत्सवातील नाटके, संस्थापकांचे सत्कार, एका आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. वहीत त्यांच्यावर अभिप्राय जवळजवळ नाहीत, कारण त्या कोणी घरी नेल्याच नाहीत. आपले घरचेच आहे, केव्हाही पाहू, असे सर्वांना वाटले. कोऱ्या कॅसेट महाग होत्या. दूरदर्शनवर एखादा चांगला मराठी चित्रपट लागला आणि कोरी कॅसेट हाताशी नसली, की कपाटातील न मागितली जाणारी कॅसेट घ्यावी आणि तिच्यावर मुद्रण करावे, असा प्रघात पडला. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण होत नाही. नखाने मोडणारी ती पट्टी कोणीही मोडली नव्हती.

गतवर्षी आम्ही कपाट उघडले तेव्हा येथील पावसाळ्यांनी आपले काम केलेले होते. अनेक फितींवर पांढरी बुरशी चढली होती. व्ही.सी.आर. बनविणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ साली उत्पादन थांबविले. त्यामुळे चालू यंत्र मिळविण्यास महिने गेले. ओव्यांची कॅसेट लावली. प्रारंभी काही क्षण एका वृद्ध स्त्रीचा आवाज आणि हातातील बांगड्यांची किणकिण ऐकू आली, आणि मग पडद्यावर एका चित्रपटाचे मध्यंतरानंतरचे दृश्य सुरू झाले. तो चित्रपट आज कोठेही, केव्हाही पाहता येतो. त्या ओव्या आता कोठेही नाहीत. मुद्रण कोणी केले याचा शोध आम्ही घेतला नाही. वहीत त्या दिवसाच्या नोंदीखाली असलेली सही आमच्यापैकीच कोणाची तरी असणार, हे ठाऊक होते.

प्रेक्षकांचा अभिप्राय हा रसिकतेचा आरसा असतो असे म्हणतात. आमच्या वहीपुरते बोलावयाचे तर तो ओढीचा आरसा होता. जे दूर होते त्याची आम्ही स्तुती केली, निंदा केली, त्यावर भांडलो. जे जवळ होते त्याविषयी गप्प राहिलो, आणि ज्याविषयी गप्प राहिलो तेच पुसले गेले. कोणती चित्रफीत लोकांना आवडते हे वही सांगते. कोणती जपावी हे सांगण्याचे काम तिचे नव्हते. ते आमचे होते.

वाचलेल्या फितींचे संगणकावर रूपांतर करण्याचे काम सुरू झाले आहे. सदस्यांना विनंती एवढीच, की आपापल्या माळ्यावर बारसे, मुंज, मंगळागौर, मंडळाचे जुने नाटक अशी एखादी कॅसेट असेल तर ती पावसाळ्यापूर्वी कार्यालयात आणून द्यावी, आणि आणण्यापूर्वी तिची ती छोटी पट्टी मोडावी. वहीत अजून बरीच कोरी पाने आहेत. या फिती पाहून झाल्यावर चार ओळी लिहिण्याचा जुना दंडक आम्ही पुन्हा चालू करीत आहोत.