काकांच्या जीपची स्टेपनी

परवा बीबीला गेलो होतो. काकांच्या जीपचं मागचं फाळकं पार कलंडलेलं. "स्टेपनीचं ओझं रे, बिजागऱ्या गेल्या," काका म्हणाले.

हा शब्द मूळचा वेल्समधला बरं का! तिथल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला काढलं. गल्लीचं नाव आपण अजून घेतोय (आमच्याकडे 'स्टेफनी')...

१९४१ च्या लष्करी विलिस जीपला स्टेपनी मागेच होती. मागचा पत्रा उघडायचाच नाही, त्यामुळे भार थेट बॉडीवर. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए आली. माल चढवायला तिला मागे फाळकं दिलं आणि स्टेपनी गेली उजव्या कुशीला. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली.

काका या जीपमधून मेहकरपर्यंत सीटा वाहायचे. मागे माणसं लटकायची, म्हणून स्टेपनी टपावर. एका रात्री गावातली अडलेली बाई घेऊन निघाले आणि वाटेत पंक्चर! टपावरून स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. एका ट्रकवाल्यानं बाईला पोचवलं म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी काकांनी स्टेपनी फाळक्यावर आणली, येताजाता दिसावी म्हणून. फाळकं मात्र त्या वजनासाठी केलेलंच नव्हतं.

असो. आता वेल्डरनं चेसीसपासून वेगळा अँगल आणून तिला टेकू दिलाय. निघताना काकांनी सवयीनं स्टेपनीला लाथ मारून हवा बघितली.