फराहबाग : दुष्काळी मुलखातील तळ्याचा महाल

(१) श्रीगोंद्यापासून नगरपर्यंतचा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. चैत्र लागला की ओढे आटतात, विहिरींचे तळ दिसू लागतात. अशा मुलखात निजामशाही सुलतानांनी राजधानीलगत चक्क पाण्याने वेढलेला विलासमहाल उभारला. त्याचे नाव फराहबाग.

(२) मुर्तझा निजामशहा पहिला (१५६५–१५८८) याच्या कारकिर्दीतील ही वास्तू. आधीचे बांधकाम सुलतानाच्या पसंतीस न उतरल्याने पाडले गेले. पुढे सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये आजची अष्टकोनी इमारत पुरी झाली. मधोमध उंच घुमटाचा दिवाणखाना, भोवती तळे. १८८४ च्या गॅझेटियरने या तळ्याची रुंदी सुमारे १५० फूट आणि खोली १७ फूट नोंदवली आहे.

(३) राज्यकारभारातून मन काढून घेतलेला मुर्तझा येथे बुद्धिबळाच्या डावांत रमे, असे सांगतात. पाण्यावरून येणारा वारा कमानींतून आत शिरे आणि वैशाखातही दालने गार राहत.

(४) पण तळे भरलेले राहणार कसे? उत्तर जमिनीखाली होते. उंचावरील विहिरी व तलावांचे पाणी भुयारी मार्गांनी आणि खापरी नळांनी, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले जाई. वाट झाकलेली असल्याने ऊन ते शोषून घेत नसे. याच व्यवस्थेवर शहराची तहान भागे आणि बागाही फुलत.

(५) म्हणजेच हा विलास पावसावर नव्हे, देखभालीवर उभा होता. नळातला गाळ काढणारे आणि फुटके खापर बदलणारे हात थांबले, की तळे आटणारच. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, १६३०–३२ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळली आणि १६३६ मध्ये निजामशाहीच संपली.

(६) श्रीगोंदा तालुक्यातील पेडगावच्या किल्ल्यावरही हीच कथा दिसते. खाली भीमा वाहते, वर मोटेने पाणी चढवण्याच्या बांधकामाचे अवशेष आहेत. नदी तीच राहिली. पाणी वर नेणारी माणसे गेली आणि हौद कोरडे पडले.

(७) फराहबाग आज संरक्षित स्मारक आहे. घुमट चार शतके टिकला, पाणी टिकले नाही. इतिहासात सुलतानाचे नाव राहिले, सलाबतखानाचेही राहिले. नळ वाहते ठेवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही.